जोडणी उलट क्रमाने

मराठी भाषेत पुस्तकाची पाने असतात आणि मेकॅनिकचे पाने असतात. पहिली नपुंसकलिंगी आणि दुसरे पुल्लिंगी, एवढा व्याकरणाचा फरक सोडला तर दोघांची जात एकच. दोन्ही हाताळून काळी पडतात, दोन्ही हवी तेव्हा सापडत नाहीत आणि दोन्ही एकदा शेजाऱ्याकडे गेली की माघारी येत नाहीत. आमच्या मानोऱ्यात ही दोन्ही दौलत एकाच घरात बाळगणारे एक गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. मीही मास्तरच म्हणतो.

मास्तरांच्या घरात पुढच्या खोलीत पुस्तके आणि मागच्या पडवीत इंजिने. मधे स्वयंपाकघर. तिथे काकूंचे राज्य. गेली चाळीस वर्षे या राज्यावर दोन्ही सरहद्दींवरून आक्रमणे होत आली आहेत. पुढून चरित्रग्रंथ सरकत सरकत पिठाच्या डब्यापर्यंत आले, मागून एका ऑइल इंजिनाचा पिस्टन मांडणीवर येऊन लोणच्याच्या बरणीशेजारी बसला. "पाहुण्याईले वाटते, काही पूजेची वस्तू आहे," असे काकू सांगतात.

पुस्तकांची संख्या तीन हजार दोनशे बारा. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. मास्तरांची नोंदवही आहे, आणि बँकेत उभे आयुष्य रकान्यांत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने तिला नमस्कार करावा अशी आहे. प्रत्येक पुस्तकावर शिक्का : 'मु. पो. मानोरा, जि. अकोला'. 1998 साली वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि मानोरा त्यात गेले, पण शिक्का अकोल्यातच राहिला. "जिल्हे बदलतात, पुस्तके तीच असतात," हे मास्तरांचे उत्तर. खरे कारण म्हणजे नवा शिक्का करण्याचे पैसे त्यांनी पुस्तकात घातले.

आता घरात एवढी पुस्तके कशाला, हा प्रश्न ज्यांच्याकडे नाहीत तेच विचारतात. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला 'राजगृह' बांधले ते मुळात पुस्तकांचा विचार करून. पन्नास हजारांच्या वर ग्रंथ तिथे होते, असे सांगतात. आपण घर बांधतो तेव्हा आधी टीव्हीची भिंत ठरवतो. पुस्तकांना उरलेला कोनाडा, तोही देवांनी मागितला नाही तर. पण नुसता आकडा मोठा असून भागत नाही. आमच्या शेजारचे कारंजा घ्या. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखित पोथ्या शतकानुशतके बासनात बांधून होत्या. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन यांनी ती बासने सोडली, आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतले जुने ग्रंथ छापून बाहेर आले. तोवर ते काव्य नव्हते का? होते, पण मुदत ठेवीसारखे होते. पावती आहे, रक्कम आहे, फक्त मोडून खर्चणारा वारस पाहिजे.

मास्तरांच्या संग्रहात मला सगळ्यात आवडते ती खालून दुसरी फळी. वरच्या फळ्यांवर ज्ञानेश्वरीपासून कादंबऱ्यांपर्यंत सभ्य मंडळी बसतात. या फळीवर स्कूटर, मोपेड, ऑइल इंजिन, पंप यांच्या दुरुस्तीची पुस्तके. मराठी, हिंदी, इंग्रजी. काही अमरावतीच्या जुन्या बाजारातली, काही नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरची. सगळ्यांना ग्रीसचा वास. चाळीस पानांच्या कवितासंग्रहावर आठ पानी परीक्षण येते. पण ज्या पुस्तकाच्या आधाराने माणसे पेट्रोलजवळ हात घालतात, त्याचे परीक्षण कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा ते मीच करतो. माझी पात्रता बी. कॉम.

या वाङ्मयप्रकाराचे गुण पहिल्यांदा सांगतो. यात विशेषणे नसतात. पात्रांना नावे नसून नंबर असतात, आणि कोण कोणाच्या शेजारी हे आकृतीत दाखवलेले असते. अशी सोय नात्यागोत्यांच्या कादंबऱ्यांत असती तर बरे झाले असते. लेखक स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. प्लगच्या फटीला सहा दशांश मिलिमीटर म्हणजे सहा दशांश मिलिमीटर, त्यात 'मला वाटते' नाही. लिटरमागे वीस मिलिलिटर ऑइल म्हणजे वीसच. आमच्या समीक्षकांना ही शिस्त लागली तर निम्मे दिवाळी अंक पातळ होतील.

शिवाय यंत्र आणि वाङ्मय यांचे वाकडे आहे, हा समजही आपल्याकडे तरी खोटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. कारखान्याच्या बातम्या द्यायला निघालेल्या त्या खबरीचे शं. वा. किर्लोस्करांच्या हाताखाली पुरते मासिक झाले, आणि मागाहून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. 1946 साली ऑइल इंजिनांची कंपनी निघाली ती त्यानंतर. म्हणजे या घराण्याने महाराष्ट्राला मासिक आधी दिले आणि ऑइल इंजिन मागून. मास्तरांच्या घरातली मांडणी याच परंपरेतली आहे, हे मी काकूंना पटवून पाहिले. "मंग माह्या सैपाकघराले कोनती परंपरा?" या प्रश्नापुढे माझा अभ्यास संपला.

आता दोष. दोष एकच, पण मुळावर येणारा. ही पुस्तके खोलायचे कसे हे चौदा पायऱ्यांत सांगतात. हा स्क्रू काढा, ती पिन उपसा, अमुक झाकण उचला. आणि पंधराव्या ओळीत, 'जोडणी याच्या उलट क्रमाने करावी' अशा अर्थाचे एक वाक्य टाकून लेखक हात धुऊन मोकळा होतो! इंग्लंडात जॉन हेन्स नावाच्या गृहस्थाने 1966 पासून दुरुस्तीच्या पुस्तकांचा मोठा संसार मांडला. त्याचा बाणा असा, की गाडी प्रत्यक्ष खोलून, पुन्हा जोडून, फोटो काढून मगच लिहायचे. त्या पुस्तकांतही हे उलट क्रमाचे पालुपद आहेच. जगातल्या सगळ्या दुरुस्ती-वाङ्मयाचे ते भरतवाक्य म्हणा ना.

हे वाक्य खोटे आहे. आमच्या बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद घालतात. कागदावर सगळे पूर्ववत होते, पण ज्याच्या खात्यातून पैसे गेले होते तो माणूस पूर्ववत होत नाही. तो पुढची दोन वर्षे पासबुक उन्हात धरून बघतो. लोखंडाचेही तसेच. खोलताना पॅकिंग फाटते, स्क्रूची खाच झिजते. उलट क्रम लागतो तो कारखान्यातून कालच आलेल्या यंत्राला. मानोऱ्यातल्या धुळीत पंचवीस उन्हाळे काढलेल्या यंत्राला नाही.

या एका अडलेल्या स्क्रूवर रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकनाने मोठे चिंतन केले आहे. मोटरसायकलच्या देखभालीवरचे आणि झेनवरचे त्याचे पुस्तक 1974 साली आले. त्याआधी 121 प्रकाशकांनी ते नाकारले होते. तरुणपणी हा गृहस्थ आपल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकून गेलेला. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल होते. हा म्हणतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती कापून आत सरकवतो. मित्राचा चेहरा उतरतो. एवढ्या उंची गाडीला डब्याचा पत्रा? मी हे आमच्या मिस्त्रीला सांगितले. तो म्हणाला, "मंग त्यात का झालं? पत्रा बराबर हाये ना?" पर्सिगला ज्यावरून शंभर पाने सुचली ते आमच्या मिस्त्रीने एका वाक्यात संपवले. फक्त ते 121 प्रकाशकांना दाखवले नाही.

परीक्षकाने स्वतः प्रयोग केला पाहिजे, म्हणून एका रविवारी मी मास्तरांकडून स्कूटरचे पुस्तक आणले. आमच्या वडिलांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर पडवीत उभी होती. ते गेल्यापासून तिला कोणी किक मारली नव्हती. ती विकावी असे घरात ठरत होते, आणि चालू असली तर बरी किंमत येईल, हे मीच बोललो होतो. पुस्तक स्टुलावर उघडून मी कार्ब्युरेटर खोलला. चौदाही पायऱ्या बिनचूक. जेट फुंकून साफ केला. पुस्तकाने सुई घालू नका म्हटले होते, म्हणून घातली नाही. मग उलट क्रम. सगळे बसले. हात पुसून उठलो तर स्टुलावर तांबूस फायबरचा एक वायसर!

बँकेत रोजकीर्द पाच पैशांनी चुकली तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. पण पाच पैशांनी पेट घेतल्याचे ऐकिवात नाही. इथे खाली पेट्रोल टपकायला लागले. नळ बंद केला आणि मिस्त्रीला बोलावले. त्याने पुस्तकाकडे पाहिलेही नाही. प्लग काढला, बघितला, नाकाशी नेला. "चोक किती येळा वढला?" मी म्हणालो, दहा-बारा. "म्हनून पलग भिजला. अन् वायसर काऊन ठेवला बाहेर?" प्लग पुसला, वायसर पेट्रोल-फिल्टरच्या बोल्टखाली बसवला, स्कूटर जरा आडवी केली, सरळ केली. तिसऱ्या किकला ती धडधडली. अंगण निळ्या धुराने भरले. आई स्वयंपाकघरातून ओट्याशी येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. धूर बराच वेळ होता.

रात्री पुस्तक परत करायला म्हणून पुसत होतो, तेव्हा ते पान नीट बघितले. समासात मास्तरांच्या पेन्सिलीत बारीक अक्षर : 'येथे तांबडा वायसर विसरू नये. मी विसरलो. मे 89.' खाली दुसऱ्या पेन्सिलीत : 'पुन्हा विसरलो. जानेवारी 94.' मी पाने उलटली. सबंध पुस्तक असे भरलेले. 'हा स्क्रू डावा फिरतो असे लिहिले आहे, आकृती पाहावी, मजकूर चूक.' 'हा आवाज आल्यास घाबरू नये.' 'पॉइंट साफ करण्यास काडेपेटीची बाजू चालते.' एके ठिकाणी तर माझ्या वडिलांचे नाव. त्यांच्या गाडीचा क्लच दोघांनी मिळून एका पावसात बदलला होता, चार तास लागले, आणि 'शेवटी भजी'.

मी माझे परीक्षण तिथे दुरुस्त केले. छापील पुस्तक हे फक्त अर्धे असते. लेखक आपल्या चुका गाळून टाकतो. गाळलेल्या चुका मालक समासात परत लिहितो, तेव्हा ते पूर्ण होते. राजगृहात पन्नास हजार असोत की मानोऱ्यात तीन हजार, मालकाचा हात न लागलेला संग्रह म्हणजे पुस्तकांचे गोदाम. आणि 'उलट क्रमाने' या वाक्याचा खरा विस्तार कुठल्याही प्रकाशकाकडे मिळत नाही, तो समासात मिळतो.

हे सगळे आज लिहायचे कारण मास्तर पुण्याला चालले आहेत. मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झाले, तरी बारीक अक्षर दिसत नाही. मुलगा घ्यायला येतो आहे. मुलगा चांगला आहे. फोनवर म्हणाला, "बाबा, फ्लॅटमध्ये दोन कपाटं बसतील. बाकी सगळं पीडीएफमध्ये मिळतं." खोटे नाही. वरच्या फळ्यांचे काही ना काही होईल. शाळा घेईल, वाचनालय घेईल. पण खालून दुसऱ्या फळीला रद्दीवाल्याने किलोचा भाव सांगितला, तोही ग्रीसचे वजन वजा करून. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. पेट्रोलची चेतक केव्हाच बंद झाली आणि ते नाव आता विजेच्या स्कूटरवर आहे. 2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. ज्या भागाचे नाव नव्या मुलांना माहीत नाही तो खोलायचा कसा, हे आता अपभ्रंश भाषेतलेच वाङ्मय म्हणायचे.

मास्तर नोंदवही घेऊन बसले होते. चाळीस वर्षांत एकेक करून आत आलेले पुस्तक एकेक करून वहीतून खोडत होते. मला म्हणाले, "तुम्ही म्हणत होता ना, उलट क्रम खोटा असतो. बघा, जमत नाही." तीन हजार दोनशे बारामधून देऊन झालेली आणि शिल्लक यांची बेरीज करून मी ताळा घेतला. एक पुस्तक कमी भरले. मास्तर घाबरे झाले.

ते कुठे आहे हे मला माहीत होते. स्कूटर आम्ही विकली नाही. मिस्त्री तिचे ऑइल बघायला आला होता, तेव्हा पुस्तक स्टुलावर होते. छापलेले इंग्रजी त्याला येत नाही. पेन्सिलीचे मराठी तो उभ्याउभ्या वाचू लागला, एके जागी हसला, एके जागी म्हणाला, "हे चूक हाये. काडेपेटी नाही घासाची," आणि कानावरची पेन्सिल काढून तसे खाली लिहिले. मग म्हणाला, "मले चार दिवस नेऊ द्या."

त्याला दोन महिने झाले. मी मास्तरांना खरे ते सांगितले. त्यांनी नोंदवही उघडली, खोडायला घेतलेली पेन्सिल थांबवली, आणि त्या पुस्तकापुढच्या रकान्यात 'बाहेर' असे लिहिले.