रत्नागिरीच्या बाजाराची वाट

समुद्रकाठच्या गावांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक एकाच साच्यातून निघालेलं असतं. माड, पोफळी, ओसरी, आजोळ, आंब्याची अढी, गणपतीची आरती. शेवटी एक सुस्कारा, की ते सगळं गेलं, आता ते परत आणायला पाहिजे. ह्याला म्हणे संस्कृतीचं पुनरुज्जीवन. रत्नागिरीचंच बघा. टिळकांचा जन्म 1856 चा, तो सांगतात. थिबा राजाचा वाडा दाखवतात. पतितपावन मंदिर दाखवतात. हापूसची पेटी हातात देतात. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईचा बाबू रात्री गाडीत बसून सकाळी संस्कृती बघायला उतरायला लागला.

मी धर्मापुरीचा, जिल्हा बीड. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, तुटलेला धागा जोडतो, पाळी सुटली की वाचतो. समुद्र पाहिलाय तो फक्त सहा डिसेंबरला, दादरला, लाखोंच्या रांगेत पाय सुजवून. आपल्या लोकांनी समुद्र असाच पाहिलाय. त्याच्याकडं बघून आपल्याला माड आठवत नाही, 1956 आठवतं. म्हणून मला ऊर्मिला पवारांचं 'आयदान' महत्त्वाचं वाटतं. 2003 साली ग्रंथालीनं काढलेलं हे आत्मकथन पोरांनी दलित आत्मकथनांच्या फळीवर ठेवून दिलंय. मला ते रत्नागिरी गावावरचं सगळ्यात खरं पुस्तक वाटतं, आणि त्याच नजरेनं मी इथं त्याच्याबद्दल बोलणार आहे.

पुस्तक सुरू होतं ते वाड्यापासून नाही, देवळापासून नाही. वाटेपासून. आसपासच्या खेड्यांतल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्यात. भारे डोक्यावर, मान मोडायला आलेली, आणि तोंडानं शिव्या. शिव्या कुणाला? वाटेला, आणि असल्या अडचणीच्या जागी आपल्याला आणून वसवणाऱ्या पूर्वजाला! मला हे फार आवडलं. आमच्यातला कुणी पुरुष लेखक असता तर त्यानं इथं दोन पानं आक्रोश केला असता. ऊर्मिलाताई बायांना हसू देतात, एकमेकींची टर उडवू देतात. ओझं तेवढंच राहतं, पण ते वाहणारी बाई बिचारी राहत नाही.

आता विचार करा. रत्नागिरी शहर दुपारी जेवतं, संध्याकाळी चूल पेटवतं, ते कुणाच्या डोक्यावरून आलेल्या लाकडावर? शहर म्हंजे काय, तर अशा वाटांची शेवटची टोकं. माड-पोफळीवाल्या लेखकाला हा बाजार भरलेला दिसतो, रंगीबेरंगी दिसतो. तो कसा भरला ते त्याला दिसत नाही, कारण बाई पोचायच्या वेळेला तो झोपलेला असतो.

आयदान म्हंजे बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या, असलं विणलेलं सामान. आमच्या मराठवाड्यात हे काम बुरडाचं. कोकणात महारांनी केलं. लेखिकेचं गाव फणसवळे. वडील शिक्षक, लेकरं शिकावीत म्हणून त्यांनी घर रत्नागिरीला आणलं आणि लेक तिसरीत असतानाच ते वारले. मग आई विणत बसली, विणत राहिली. तयार झालेलं आयदान पोरीनं गिऱ्हाइकाच्या दारात न्यायचं. गिऱ्हाईक त्याच्यावर पाणी शिंपडून विटाळ काढणार आणि पैसे वरून हातात टाकणार. त्याच सुपात मग त्यांचे तांदूळ पाखडले जाणार! वस्तू चालते, कसब चालतं, हात चालत नाही. कोकणच्या हस्तकलेचं पुनरुज्जीवन करायला निघालेल्यांनी टोपली जरूर विकत घ्यावी, पण वरून टाकलेल्या त्या पैशांचा आवाजही सोबत न्यावा.

थिबा राजाचं थोडं सांगतो. ब्रह्मदेशाचा हा राजा, 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 साली तो तिथंच मेला. वाडा पुरा झाला 1910 ला. राजा बौद्ध होता. म्हंजे रत्नागिरीत तीस वर्षं एक बौद्ध राजा राहत होता आणि त्याच रत्नागिरीत महाराच्या पोरीच्या टोपलीवर पाणी शिंपडलं जात होतं. त्याची एक नात ह्याच गावात गरिबीत जगून 2000 साली वारली. वाडा मात्र जपला. दगड जपायला सोपा असतो.

पतितपावन मंदिराबद्दल मात्र नीट बोलायला पाहिजे, कारण गावाचा नवा जन्म म्हणून तेच पुढं केलं जातं. 1931 साली ते उघडलं. पैसा भागोजी कीर यांचा, कल्पना सावरकरांची. सगळ्या जातींना आत प्रवेश. कीर स्वतः भंडारी समाजाचे, मोठ्या मनाचा माणूस. दादरची स्मशानभूमी त्यांच्याच नावाची आहे आणि तिला लागूनच आपली चैत्यभूमी. त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. पण मंदिराचा हिशोब वेगळा. जुन्या देवळांची दारं आहेत तशीच ठेवायची आणि सगळ्यांसाठी एक नवं बांधायचं, ही तोड कुणाच्या सोयीची? सावरकरांना हिंदूंचं संघटन हवं होतं. आपण त्यात मोजणीला हवे होतो. त्याच काळात, 1930 पासून, बाबासाहेबांची माणसं नाशिकला काळारामाच्या दारात मार खात होती. जुन्याच दारात! आणि 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. म्हंजे ह्याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेल्या माणसानं दाराचा प्रश्नच सोडून दिला.

आणि नुसता सोडला नाही. 1937 च्या सप्टेंबरात त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल आणलं. 1938 च्या जानेवारीत कोकणातली कुळं मोर्च्यानं मुंबईत कायदेमंडळावर गेली. कुणबी आणि महार, दोघं. कोकणच्या माणसाला उभं करायचं तर खोताच्या हातातली जमीन सोडवायला पाहिजे, हे त्यात सरळ होतं. खोती संपवणारा कायदा 1949 ला झाला. त्याचं स्मारक कुठल्या टुरिस्टाला दाखवतात? त्याही आधी, 1888 साली, दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. ही आपली कोकणची परंपरा. हिला पुनरुज्जीवनाची गरज नाही, ती मेलेलीच नाही.

'आयदान'मध्ये 1956 येतं. धर्मांतर झालं, घरातले देव बाहेर गेले. इथं ऊर्मिलाताई घाई करत नाहीत. रूढी सोडताना माणसं कशी चाचरतात, जुनं हळूच कसं मागच्या दारानं घरात येतं, हेही त्या सांगतात. आपल्या काही पोरांना हे खटकतं. त्यांना वाटतं 14 ऑक्टोबरला रात्री झोपलो ते महार आणि सकाळी उठलो ते बौद्ध. असं होत नसतं भाऊ. तुझ्या आजीला विचार.

त्याहून जास्त खटकतं ते पुढचं. नवरा शिकलेला, बायकोनं एम.ए. करायला हरकत नाही म्हणणारा, पण घरकाम सगळं उरकून कर म्हणणारा. तिचं नाव व्हायला लागलं की कुढणारा. चळवळीतले पुरुष बायांच्या वेगळ्या संघटनेला नाकं मुरडणारे. मी ऐकलंय, आपल्याच बैठकीत एकजण म्हणाला, घरातलं कशाला चव्हाट्यावर? मी म्हणतो, सवर्णानं वरून पैसे टाकले ते चव्हाट्यावर चालतं, आणि जयभीमवाल्यानं ताट आपटलं ते चालत नाही? ज्या बाईनं मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगाव फिरून 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं पुस्तक 1989 ला उभं केलं, तिला चळवळ शिकवायला आपण कोण?

पुस्तकात सगळंच जमलंय असं नाही. मुंबईचा भाग सुरू झाल्यावर सभा, संस्था, माणसं भराभर येतात आणि जातात. वाटेवरच्या एकेका बाईचं बोलणं कानात राहतं, मुंबईतल्या परिषदा राहत नाहीत. कोकणी बोली मला सुरवातीला जड गेली, दोनदा वाचावं लागलं. पण बोली सोपी करायला पाहिजे होती असं मी म्हणणार नाही. आम्ही सदाशिवपेठी मराठी शिकलोच ना परीक्षेपुरती? मग आपल्याच बायांची का नाही शिकायची?

आता आमच्या धर्मापुरीचं. समुद्र नाही, पण केदारेश्वराचं देऊळ आहे, चालुक्यांच्या काळातलं. भिंतीवर दगडी सुरसुंदऱ्या. किल्ला आहे. लोक कॅमेरे घेऊन येतात, आणि गावाचं वैभव परत आणा असं आमच्याकडंही बोललं जातं. आणा की. पण दिवाळीच्या सुमाराला आमच्या बीडमधून कोयते निघतात. एक कोयता म्हंजे नवरा आणि बायको, हिशोबात दोघं मिळून एक. मुकादमाची उचल फेडायला ती बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. सुरसुंदरीचे फोटो हजार निघालेत. फळीवरच्या बाईचं 'आयदान' अजून कुणी लिहिलेलं नाही.

आपल्या वस्तीत अशा म्हाताऱ्या आहेत. कुणी बाजाराला पायी जायच्या, कुणी कारखान्यावर जायच्या, कुणी अजून जातात. त्यांच्याजवळ बसा. काय वाहिलं, कुठवर वाहिलं, कुणाला शिव्या दिल्या, ते त्यांच्या बोलीत उतरवून घ्या आणि पुढच्या अंकासाठी पाठवा. शुद्धलेखन बघू नका, शिव्या गाळू नका. स्टेन्सिलवर काय बसतं आणि काय नाही, ते नंतर बघू.