अपुऱ्या कामाचा वारस

गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. पुढच्याच वर्षी जवळच्या भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्यासाठी आखलेले ते नगर. सिविक सेंटर ही त्याची बाजारपेठ. ईश्वरावाचून जगायचे ते कशासाठी, हा प्रश्न मात्र अशा आखणीने सुटत नाही. मार्क्सवादी मुक्तिबोधांना इतिहासाची ग्वाहीही पुरली नाही, असे त्यांची कविता वाचताना जाणवते.

त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या हिंदी कवितेकडे मराठी वाचकाने या दृष्टीने पाहावे. घरी मराठी बोलणाऱ्या कवीची ती कविता आहे. ओसाड बारवेत राहणारा तो विद्वान मळ जावा म्हणून अखंड अंग घासतो. मळ जात नाही. पापक्षालनाचा विधी चालू आहे, क्षमा करणारा कोणी नाही. अभंगातला असा व्याकूळ जीव अखेर विठ्ठलाच्या पायांशी पोचतो. येथे तो एकाकी मरतो. शेवटी निवेदक त्या मृताचा शिष्य होऊ इच्छितो, त्याचे अपुरे कार्य पुढे नेण्यासाठी. जगण्याचे हे कारण तर्काने सिद्ध होण्याजोगे नाही, आणि निवेदक ते सर्वांसाठी सांगतही नाही. धाकटे बंधू शरच्चंद्र यांच्या मराठी कवितेतला जनसामान्यांवरील विश्वास याहून निःशंक आहे. परंतु थोरल्याची ही साशंक निष्ठा अधिक खोल जाते.

११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध वारले, तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ची जुळणी श्रीकांत वर्मा यांनी केली.