‘जागा नाही’ हे कोण म्हणतंय?

मागच्या वेळी आपण अभाव या पदार्थाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘सर, जमिनीवर घट नाही हे आपल्याला कसं कळतं, यावर शेकडो वर्षं वाद घालून हाती काय लागलं?’ प्रश्न रास्त होता. आज उत्तर देतो, पण उदाहरण घटाचं नाही, सर्व्हरचं देतो. मी संगणकातला माणूस नव्हे. पण या प्रकरणात माझ्याकडून चूक झाली, म्हणून सत्तरी उलटल्यावर ते शिकून घ्यावं लागलं.

हकिगत अशी. एका जुन्या ग्रंथालयाच्या समितीवर मी होतो. लोकांच्या घरच्या पोथ्या आणायच्या, स्कॅन करायच्या, परत द्यायच्या, असं काम चालू होतं. सर्व्हरमध्ये ४ टेराबाइटच्या तीन डिस्क होत्या, रेड ५ पद्धतीने जोडलेल्या. रेड हे नाव पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांच्या १९८८च्या निबंधातून रूढ झालं. रेड ५मध्ये एका डिस्कइतकी जागा पडताळ्याच्या माहितीसाठी जाते. म्हणजे तीन डिस्कमध्ये वापरायला ८ टेराबाइट मिळतात. ते भरत आले, म्हणून चौथी डिस्क बसवली. आता १२ मिळायला हवेत. डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने दीड दिवस माहितीची फेरमांडणी केली आणि पडद्यावर लिहिलं, ‘विस्तार पूर्ण’. तंत्रज्ञ बिल देऊन गेले.

चार दिवसांनी स्कॅनिंग करणाऱ्या मुलाला संदेश आला, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. समिती बसली. इतिवृत्तात वाक्य आहे: ‘सर्व्हरवर जागा नसल्याने ४० पोथ्यांच्या मूळ मोठ्या फाइली काढून टाकून लहान प्रती ठेवाव्यात.’ ठराव एकमताने मंजूर. त्या एकमतात मी होतो. ‘रेड आहे ना, म्हणजे दुसरी प्रत आहेच,’ असंही कोणीतरी म्हणालं. रेड एखादी डिस्क बिघडली तर वाचवतं. तुम्ही स्वतः फाइल पुसलीत तर तेही ती इमानेइतबारे पुसतं.

पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी सुट्टीत आली होती, ती हे काम करते. तिने अर्धा तास पाहिलं आणि म्हणाली, ‘सर, जागा आहे की! पहिल्या दिवसापासून आहे. मशीनला कोणी परत विचारलंच नाही.’

म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपल्याला वाटतं सर्व्हर म्हणजे एक वस्तू. तिथे असतात एकावर एक बसलेले जाणते. सगळ्यात खाली कार्ड, त्याला चार डिस्क दिसतात. त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. ती डिस्कचा आकार एकदा, जोडणी होताना, विचारते आणि लक्षात ठेवते. मध्येच आकार बदलला तरी पुष्कळदा तिला पत्ता नसतो. ‘रिस्कॅन’ची आज्ञा दिली की ती पुन्हा विचारते. त्याच्यावर पार्टिशनचा तक्ता. आजच्या जीपीटी पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की तो ‘शेवट’ मध्येच कुठेतरी पडतो. ती प्रत नव्या टोकाला न्यायची आणि पार्टिशनची हद्द पुढे सरकवायची. मग एलव्हीएम असेल तर त्याला दोनदा सांगायचं: तुझ्याखालची डिस्क वाढली, आणि आता वरचा खंडही वाढव. आणि शेवटी फाइल सिस्टिम. तिच्या सुपरब्लॉक नावाच्या नोंदीत जेवढे ब्लॉक लिहिलेले, तेवढंच तिचं जग. एक्स्ट ४ असेल तर ‘रिसाइझ टू एफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस ग्रोएफएस’, ही शेवटची आज्ञा. त्या मुलीने या सगळ्या आज्ञा दिल्या आणि ८चे १२ झाले. सर्व्हर बंदसुद्धा करावा लागला नाही.

शेतकरी घरातल्या श्रोत्यांना हे नवं वाटणार नाही. खरेदीखत झालं, कब्जा मिळाला, पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागत नाही तोवर बँक त्या क्षेत्रावर पीककर्ज देत नाही. जमीन तर पायाखाली आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला सहावं प्रमाण मानतात: घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. नैयायिक म्हणतात वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एका अटीवर दोघांचं जमतं. न दिसणं योग्य असलं पाहिजे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. याला म्हणायचं योग्यानुपलब्धी.

ही कसोटी आमच्या सर्व्हरला लावा. नवी जागा असती तर फाइल सिस्टिमला दिसली असती का? नसतीच दिसली. तिची नजर सुपरब्लॉकपलीकडे जातच नाही. म्हणजे ते न दिसणं अयोग्य होतं. ऑपरेटिंग सिस्टिम आकार सांगत होती तो आठवणीतून, आणि स्मृतीला नैयायिक प्रमा मानत नाहीत. आम्ही अंधारातल्या न दिसण्यावर आणि जुन्या आठवणीवर ठराव केला.

मग दोष रचनेचा का? काही जण म्हणतात, हे सगळे थर आपोआप का वाढत नाहीत? इथे मी रचनेच्या बाजूने आहे. नवी जागा कोणासाठी आणली हे खालच्या थराला ठाऊक नसतं. ती कदाचित दुसऱ्या पार्टिशनसाठी असेल. शिवाय परतीचा रस्ता अवघड असतो. एक्सएफएस वाढवता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. प्रत्येक थर आपली हद्द न विचारता ओलांडत नाही, म्हणून तर फाइली शाबूत राहतात. ही सावधगिरी चांगलीच आहे.

माझी टीका भाषेवर आहे. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हे वाक्य त्या दिवशी सरळ खोटं होतं. डिव्हाइसवर जागा होती, फाइल सिस्टिममध्ये नव्हती. आणखी गंमत म्हणजे जागा शिल्लक असून फाइलींच्या नोंदींचे आयनोड संपले, तरी हेच वाक्य येतं. बोलणारा एक, आणि वाक्य दुसऱ्याबद्दल. कार्डाचं ‘विस्तार पूर्ण’ही तसंच. कोणाचा विस्तार? कार्डाच्या हद्दीत तो पूर्ण होता. आमच्या कार्डाच्या पुस्तिकेत फेरमांडणीवर कित्येक पानं होती आणि शेवटी एक ओळ: पुढील काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या साधनांनी करावे. अख्खं राहिलेलं काम त्या एका ओळीत, आणि ती ओळ कोणी वाचली नव्हती.

आणि चौथं वाक्य आमचं, इतिवृत्तातलं. ‘जागा नसल्याने.’ त्यात कर्ताच नाही. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, कधी पाहिलं, काही नाही. यंत्राच्या वाक्यात निदान ‘डिव्हाइस’ हा चुकीचा शब्द तरी होता. तर्कशास्त्र आयुष्यभर शिकवलेल्या माणसाने त्याखाली सही केली.

त्या ४० पोथ्यांपैकी बहुतेक पुन्हा मागून आणून स्कॅन केल्या. तीन मिळाल्या नाहीत. त्यातल्या एका घरात पावसाचं पाणी शिरून पानं एकमेकांना चिकटली होती. लहान प्रत आमच्याकडे आहे, पण समासातली बारीक टिपणं तिच्यात वाचता येत नाहीत.

समितीत आता एक नियम केला आहे. काहीही कायमचं पुसण्याआधी लिहायचं: जागा नाही हे कोणत्या थराने सांगितलं, आणि त्याच्या खालच्या थराला विचारलं का. दोन ओळींचं काम आहे. त्या श्रोत्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. ती अट मला पाठ होती, वापरायची तेव्हा आठवली नाही.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.