प्रीती, प्रेम आणि बायबल

जुन्या करारातील प्रणयकाव्यास मराठी बायबलात 'गीतरत्न' म्हणतात, हिंदीत 'श्रेष्ठगीत'. शहपुऱ्यासारख्या हिंदी मुलखात ही दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणाऱ्यास याहून मोलाचा फरक अन्यत्र आढळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात हिंदी भाषांतरकार 'प्रेम' म्हणतो, तर मराठी 'प्रीती'. वस्तुतः ईश्वराविषयीच्या ओढीस आपल्या संतांनी 'प्रेम' म्हटले, आणि विसाव्या शतकातील भावकवितेने 'प्रीती' बव्हंशी प्रणयी जनांच्या हवाली केली. त्यामुळे पौलाचा तो अध्याय आज मराठी कानास किंचित शृंगारिक लागतो. यास कोणी दोष म्हणेल. मला तो लाभ वाटतो.

कारण मानवी प्रेमास एक शब्द व ईश्वरी प्रेमास दुसरा, अशी सोय जुना करार देतच नाही. याकोबाचे राहेलीवरील, अम्नोनाचे तामारेवरील आणि देवाचे इस्राएलावरील प्रेम, तिहींस हिब्रू धातू एकच. 'अगापे' म्हणजे निष्काम प्रेम, असे व्याख्यानांतून नेहमी सांगतात. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या वासनेसही त्याच धातूचे क्रियापद लाविले आहे!

मग भेद कळावा कशाने? कथेने. राहेलीसाठी केलेली सात वर्षांची चाकरी याकोबास थोड्या दिवसांची वाटते. अम्नोन आजाराचे सोंग करून तामारेस बोलावतो, बळजोरी करतो, आणि तत्क्षणी त्याचा द्वेष पूर्वीच्या प्रेमाहून मोठा होतो. येथे 'प्रेम' काढून भाषांतरकाराने 'मोह' घातला, तर वाचक निर्धास्त होईल. कथेचा दंश मात्र जाईल.

इसहाकाचे प्रकरण निराळे. तेथे विवाह आधी, प्रेम मागाहून. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यास हा क्रम परका वाटू नये. बालपणी झालेले लग्न, 1895 साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, पुढचा दुरावा, पुन्हा मांडलेला संसार. एवढ्या हकिकतीत लक्ष्मीबाई प्रेमाचा उच्चार थोडा करतात, पतीची थट्टाच अधिक.

'गीतरत्ना'त उलट उच्चारास संकोच नाही, आणि बोलण्यात पुढाकार बहुधा स्त्रीचा. टीकाकारांनी तिला मंडळीचे रूपक केले. ते मान्य केले तरी रूपक उभे राहते ते तिच्या देहधारी ओढीवरच. म्हणून पौलाच्या अध्यायातील 'प्रीती' हा शब्द, केवळ सोवळेपणासाठी, कोणत्याही नव्या आवृत्तीत बदलू नये.