प्लुटोनियातला कोपरा

१९९६ साली 'फायनल डूम' बाजारात आला तेव्हा त्यात नवीन असं फारसं काही नव्हतं. बंदुका त्याच, राक्षस तेच, इंजिनही १९९३च्या मूळ 'डूम'चंच. त्याच सुमारास 'क्वेक' आला होता. त्यात खरीखुरी त्रिमिती होती, मान वर करून छताकडे बघता येत होतं. डूममध्ये मान वर होतच नाही. अशा वेळी खोक्यात भरून विकायला काय होतं? तर ६४ लेव्हल्स. त्यातल्या ३२ 'टीएनटी : एव्हिल्यूशन' या संचात, उरलेल्या ३२ 'द प्लुटोनिया एक्सपेरिमेंट'मध्ये.

जुन्याच मालाची नवी मांडणी म्हणून असल्या जोडसंचांकडे नाक मुरडायची पद्धत आहे. पण बुद्धिबळातल्या 'दोन चालींत मात करा' छाप कोड्यांना कुणी असं म्हणत नाही. तिथेही सोंगट्या नव्या नसतात. कोडं रचणाऱ्याचं कसब एवढंच, की घोडा काय करू शकतो हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त नीट कळलेलं असतं.

डेरियो आणि मायलो कॅसाली या दोन भावांना 'आर्च-व्हाइल' काय करू शकतो हे असंच कळलं होतं. हा राक्षस 'डूम २'मध्ये (१९९४) पहिल्यांदा आला. तो हात वर करतो, तुमच्या अंगाभोवती ज्वाळा दिसू लागतात, आणि मंत्र पुरा होण्याच्या क्षणी तुम्ही त्याच्या नजरेसमोर असाल तर शंभरातली नव्वदपर्यंत ताकद एका फटक्यात जाते. भिंतीआड झालात तर काहीच होत नाही. शिवाय मारलेले राक्षस तो पुन्हा उठवतो. म्हणजे हा राक्षस बंदुकीपेक्षा नजरेचा आहे. तो किती भयंकर, हे आजूबाजूला भिंती कुठे आहेत यावर ठरतं. 'डूम २'ने हे पात्र जन्माला घातलं खरं, पण त्याच्याभोवती अख्खी लेव्हल उभी करायची हिंमत फारशी केली नाही.

प्लुटोनियातली अकरावी लेव्हल, 'हंटेड', ही हिंमत करते. तिथे अरुंद बोळांचा चक्रव्यूह आहे आणि त्यात आर्च-व्हाइल मोकळे फिरताहेत. एक-दोन नाहीत, कितीतरी. एकाच्या नजरेतून सुटायला तुम्ही कोपऱ्याआड जाता, आणि पुढचा त्याच कोपऱ्यावरून येत असतो. आडोसा आणि सापळा ही एकच जागा होते. मी ही लेव्हल पहिल्यांदा खेळलो तेव्हा पहिली काही मिनिटं गोळीच झाडली नाही, नुसता पाठ भिंतीला लावून आवाज ऐकत उभा होतो. 'डूम' म्हणजे धावा आणि झाडा, असं समजणाऱ्यांनी इथे अर्धा तास काढून बघावा.

कॅसालींचा दुसरा आवडता प्राणी म्हणजे चेनगनवाला. तो दिसायला साधा शिपाई, पण तुम्ही दिसत राहिलात की त्याची बंदूक थांबत नाही आणि त्याची गोळी चुकवता येत नाही. त्यांनी तो उंच सज्ज्यांत, खिडक्यांत, पाठीमागे अचानक उघडणाऱ्या कोनाड्यांत बसवला. इथे मात्र माझी तक्रार आहे. किल्ली उचलली की मागची भिंत सरकणार, ही युक्ती पाचव्यांदा दचकवते, पंधराव्यांदा फक्त दमवते. संचाच्या मध्यावर अशा काही लेव्हल्स सलग येतात, की भीतीची जागा हिशेब घेतो. आपली लेव्हल सर्वांत कठीण पातळीवर स्वतः खेळून बघायची आणि फार सहज जिंकता आली तर अजून अवघड करायची, अशी आपली रीत असल्याचं डेरियोने पुढे सांगितलं. त्या रीतीचे फायदे-तोटे दोन्ही इथे दिसतात. तो स्वतः निष्णात खेळाडू होता, त्यामुळे त्याला पुरेसं वाटणारं अवघड इतरांना कधीकधी नुसतं निर्दय वाटतं.

'टीएनटी'ची गोष्ट वेगळी. तो अनेक हातांचा, म्हणून उंचसखल. काही जागा भव्य आणि ओसाड, काही खरोखर मनात राहणाऱ्या. पण त्याची खरी कहाणी खोक्याबाहेरची आहे. इंटरनेटवर जमलेल्या हौशी मंडळींनी तो रचला होता आणि १९९५च्या अखेरीस सगळ्यांना फुकट वाटायचं ठरलं होतं. ऐन वेळी 'इड सॉफ्टवेअर'ने तो विकत घेतला. वाट बघत बसलेले लोक चिडले. रचणाऱ्यांना दोष देणं मला जमत नाही. ज्यांच्या खेळावर आपण रात्री जाळल्या, त्यांनीच बोलावल्यावर नाही कोण म्हणेल? भरपाई म्हणून याच चमूने 'इकारस' नावाचा दुसरा ३२ लेव्हल्सचा संच १९९६मध्ये फुकट दिला. पण चाहत्यांनी एकमेकांसाठी केलेली वस्तू किंमत लावून परत आली की ती तीच राहत नाही.

त्यात एक विचित्र चूक राहून गेली. ३१वी लेव्हल, 'फॅरो', गुप्त आहे. आधीच्या लेव्हलमधला लपलेला दरवाजा शोधणाऱ्यालाच ती मिळते. तिथली पिवळी किल्ली चुकून फक्त अनेक खेळाडूंच्या खेळासाठी ठेवलेली होती. एकटा खेळणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणजे पैसे मोजून, कसून शोध घेऊन जो इथवर पोचला, नेमका तोच कोंडला गेला. चोरवाटेची कळ, म्हणजे 'चीट कोड', टाइप केल्याशिवाय सुटका नाही. दुरुस्त केलेली लेव्हल पुढे वेगळी फाइल म्हणून मिळाली.

प्लुटोनियाची ३२वी लेव्हलही गुप्तच, नाव 'गो टू इट'. सुरुवात होते आणि आपण चमकतो : ही तर 'डूम २'ची पहिली लेव्हल! तिथे दोन-चार मरतुकडे शिपाई होते, नवख्याला हात साफ करायला ठेवलेले. खोल्यांची ठेवण साधारण तशीच, पण आता त्यांत सायबरडेमन उभे आहेत, तोही एखाददुसरा नाही. मी सवयीने डावी-उजवी आठवत पुढे गेलो. वाट बरोबर आठवत होती. तिसऱ्या मिनिटाला मेलो, आणि पुन्हा त्याच ओळखीच्या खोलीत उभा राहिलो.