भिंतीपासून दहा पावलं मागे

मार्था कूपरच्या चांगल्या फोटोंमध्ये ग्राफिटी लहान दिसते. जिने चाळीसहून जास्त वर्षं रंगवलेल्या भिंती आणि रेल्वेचे डबे टिपले, तिच्याबद्दल हे विधान विचित्र वाटेल. पण ‘सबवे आर्ट’ उघडून बघा. साउथ ब्रॉंक्समधल्या ओसाड इमारती, विटांचे ढीग, मोकळा पडलेला प्लॉट. वर लोखंडी खांबांवरून जाणारी गाडी, आणि तिच्या अंगावर कुणीतरी रात्रीत रंगवलेलं स्वतःचं नाव. ते नाव वाचायला फोनवर दोन बोटांनी झूम करावं लागतं. शहर मात्र झूम न करता दिसतं.

कूपर १९७०च्या दशकाच्या शेवटी ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये फोटोग्राफर होती. कामावरून परत जाताना उरलेल्या रोलवर ती गल्लीतल्या पोरांचे फोटो काढायची. भंगारातून खेळणी बनवणारी, पडक्या जागांत हुंदडणारी पोरं. त्यातल्या एकाने तिला आपली वही दाखवली. वहीत त्याने स्वतःच्या नावाची अक्षरं डिझाइन केली होती, भिंतीवर काढण्याआधीची तालीम म्हणून. त्याच्यामुळे तिची डोंडीशी ओळख झाली. डोंडी म्हणजे त्या जगातला ‘किंग’. १९८०मध्ये कूपरने नोकरी सोडली आणि ती या गाड्यांच्या मागे लागली. डोंडी ‘चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह’ रंगवत होता त्या रात्री ती यार्डात त्याच्यासोबत होती. दोन डब्यांच्या मधल्या फटीत, एक पाय या गाडीवर आणि एक त्या गाडीवर टेकवून तो उभा आहे, हा फोटो तिथलाच. पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा मला हा फोटो मोठा वाटतो, कारण त्यात शरीर आहे, अंधार आहे, पकडलं जाण्याची शक्यता आहे.

(ही मुलं स्वतःला आर्टिस्ट नाही, ‘रायटर’ म्हणवून घेत. नाव लिहितो तो लेखक, इतका साधा हिशोब. आपल्याकडच्या साहित्यिक वादांना तो लागू केला तर बरीच भांडणं मिटतील.)

‘सबवे आर्ट’ १९८४ साली आलं आणि ते दोघांचं आहे. दुसरा हेन्री शॅलफंट, मूळचा शिल्पकार. त्याची पद्धत अगदी उलट. तो समोरच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा आणि गाडी थांबली की सरकत सरकत एकापाठोपाठ एक फोटो घ्यायचा. मग प्रिंट कापून जोडायच्या की अख्खा डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, सपाट, समोरून तयार. शहर नाही, माणसं नाहीत, नुसतं काम. या फोटोंना नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्याने न्यूयॉर्क कधी पाहिलं नव्हतं अशा दुसऱ्या देशातल्या पोराला अक्षराचा बाण कुठून वळतो, रंग कुठे विरतो हे शिकायचं असेल, तर शॅलफंटचाच फोटो कामाचा. कूपरच्या फोटोवरून तो नक्कल करू शकला नसता.

या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. ते पूर्णपणे रायटरांच्या बाजूचं आहे. रोज त्याच गाडीने कामाला जाणाऱ्या, खिडकीच्या काचेवर मार्कर फिरवलेला असल्यामुळे स्टेशन कोणतं आलं हे न दिसणाऱ्या माणसाचं काय? टोनी सिल्व्हरने शॅलफंटसोबत केलेल्या ‘स्टाइल वॉर्स’ (१९८३) या माहितीपटात निदान महापौर कोच चिडलेले दिसतात, आणि स्कीम नावाच्या पोराची आई त्याला समोर बसवून सुनावते. त्या आईमुळे ती फिल्म पुस्तकापेक्षा जास्त प्रामाणिक झाली आहे.

शेवटी प्रशासन जिंकलं. १२ मे १९८९ रोजी शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढण्यात आली. म्हणजे आज त्या गाड्यांबद्दल आपण जे काही बोलतो ते बहुतेक फोटोंबद्दलच बोलतो. म्हणूनच फोटो कुठे उभं राहून काढला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आता आपले फोन बघा. वांद्र्याच्या चॅपल रोडचे, दिल्लीच्या लोधी कॉलनीचे फोटो स्क्रोल करा. बहुतेक सगळे शॅलफंटचे वारसदार, पण त्याच्या मेहनतीशिवाय. भिंत समोरून, कडेपासून कडेपर्यंत, फार तर पुढे एक मित्र गॉगल लावून. वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर रणजीत दहियाने २०१४मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. त्यांचा फोटो काढताना आपण खालची वाहतूक, बाजूच्या इमारती शिताफीने कापून टाकतो. ही चित्रं परवानगीने काढलेली आहेत, रात्रीची धावपळ त्यांत नाही, हे खरं. पण मग त्यांच्याभोवतीचं शहर तरी फ्रेममध्ये येऊ द्या. आणि निवडणुकीआधी चुन्याने पांढरी करून ‘आरक्षित’ लिहिलेली भिंत? पेंटरने एका दमात ओढलेली ती देवनागरी अक्षरं? त्यांच्यासमोर पोज द्यायला कुणी थांबत नाही. निकाल लागला की त्यांच्यावर पुढचा पक्ष चढतो.

कूपरवर सलीना माइल्सने ‘मार्था : अ पिक्चर स्टोरी’ (२०१९) ही फिल्म केली. पंचाहत्तरीच्या आसपासची ही बाई बर्लिनच्या ‘वन यूपी’ या टोळीतल्या चेहरे झाकलेल्या पोरांबरोबर धावत, चढत फोटो काढते, यावर फिल्म फार खूश आहे. प्रसंग थरारक आहेतच, पण त्यात कूपरच नायिका होऊन बसते आणि तिचा कॅमेरा बाजूला पडतो. मला त्याहून बरा वाटला तो बाल्टिमोरचा भाग. हे तिचं जन्मगाव. तिथल्या सोवेबो या गरीब वस्तीत तिने घर घेतलं आणि पुन्हा गल्लीत उभी राहून शेजारपाजारच्या पोरांचे फोटो काढायला लागली. त्यातल्या बऱ्याच फोटोंमध्ये ग्राफिटी नाहीच. पायऱ्यांवर बसलेली माणसं आहेत, रस्त्यात खेळणारी पोरं आहेत, आणि भिंती मागे आहेत, जशा असतात तशा.