तारापूरच्या दोन गुणपत्रिका

दिवाळी अंकात टीका लिहायची ती कथा-कादंबऱ्यांवर, असा रिवाज आहे. यंदा मात्र मी टीकेसाठी दोन आकडे घेतले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. गुण जितके अधिक, तितकी घाण अधिक. बोईसरच्या कुशीतल्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला २००९ साली ७२.०१ गुण मिळाले आणि २०१८ साली ९३.६९. दुसऱ्या खेपेस शंभर क्षेत्रांत पहिला नंबर! तेव्हा नऊ वर्षांत घाण सुमारे बावीस गुणांनी वाढली, असा हिशेब कोणीही सहज मांडील.

वाचकहो, मी शाळामास्तर. ही वजाबाकी बरोबर आहे, पण ती मांडण्यापूर्वी दोन्ही प्रश्नपत्रिका पाहायला हव्यात. दोन्ही शंभर गुणांच्याच. पहिलीत विषारी द्रव्यांना ३०, हवा-पाण्याच्या स्थितीला २०, भोवतालची वस्ती व जीवसृष्टी यांना ३० आणि बंदोबस्तातील उणिवांना २०. २०१६ साली पत्रिका बदलली. उद्योगांच्या व्यापाला २०, हवा-पाण्याच्या स्थितीला ५०, आजारांच्या नोंदींना १० आणि नियमपालनाला २०. सत्तरच्या वर गेले की 'अतिप्रदूषित', ही रेघ मात्र जुनीच राहिली. गणिताचे गुण चित्रकलेच्या गुणांतून वजा करून मुलाची प्रगती ठरवावी, तशातलाच हा प्रकार!

बदलामागचा हेतू वाईट नव्हता. अंदाजाने द्यायचे गुण गाळून नेमके मोजता येईल तेवढे ठेवायचे होते. तरीही कादंबरीकार म्हणून मला एक गोष्ट खटकते. पहिल्या आवृत्तीत ३० गुणांचे असलेले पात्र दुसरीत १० गुणांवर आले, आणि ते पात्र म्हणजे सातपाटी, मुरबे, नवापूरचा माणूस! दवाखान्याच्या वहीत आजाराची नोंद होते. जाळ्यात न आलेल्या मासळीची नोंद तिथे कोण करणार?

उद्या कोणी म्हणेल, पत्रिकाच बदलली, मग ९३.६९ ला अर्थ काय? तेही खरे नव्हे. एकाच वर्षी, एकाच पत्रिकेवर बसलेल्यांची तुलना रास्त असते. २००९ साली चंद्रपूर ८३.८८ व डोंबिवली ७८.४१ घेऊन तारापूरच्या पुढे होती. २०१८ साली तारापूरच्या पुढे देशात कोणी नव्हते. एवढे निश्चित म्हणता येते, आणि तेवढेही पुरेसे गंभीर आहे.

वाढ की घट, हे ठरवायचे तर जुन्या मोजण्यांना नव्या पत्रिकेचे गुण लावून पाहावेत. त्याहून बरे म्हणजे त्याच खाडीचे, त्याच ऋतूतले, त्याच रीतीने तपासलेले पाणी वर्षानुवर्षे शेजारी ठेवावे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणाकडे गेली, ती गुणांची बेरीज तपासायला नव्हे, पाण्यासाठी. खाडीतली मासळी परतली की नाही, हे कोळ्याला गुणपत्रिका न पाहताही कळेल. पण त्याचे म्हणणे कागदावर टिकायचे असेल, तर मोजपट्टी तरी वर्षानुवर्षे एकच हवी.